गार्डचं लायसन रद्द करा म्हणताय, पण ते त्याला दिलंय कुणी?

वाकडकर:
गेल्या महिन्यात आमच्या पार्किंगमधून दोन बाइक गेल्या. सीसीटीव्हीत स्वच्छ दिसतंय, रात्रपाळीचा गार्ड केबिनमध्ये दुसऱ्या खुर्चीवर पाय टाकून झोपलाय. एजन्सीला सांगितलं तर म्हणाले, "बदलतो सर." बदलला. आता तोच माणूस दोन गल्ल्या सोडून दुसऱ्या सोसायटीच्या गेटवर उभा आहे! रिक्षावाल्याला बॅज लागतो, तक्रार झाली की आरटीओ बोलावतं. मग गार्डना का नाही? प्रत्येकाला नंबर द्या, तक्रारी नोंदवा, तीन झाल्या की लायसन कायमचं रद्द. यात वाद घालण्यासारखं काही नाही.

साइटवरचा:
वाद घालण्यासारखं भरपूर आहे. मी या लाइनमध्ये गार्ड म्हणून लागलो, पुढे फील्ड ऑफिसर झालो, म्हणून सविस्तरच लिहितो.

रद्द करायला आधी लायसन असावं लागतं. २००५ च्या पसारा कायद्यात, म्हणजे खासगी सुरक्षा एजन्सींच्या कायद्यात, ते एजन्सीला मिळतं, पाच वर्षांसाठी. गार्डकडे असतं फक्त एजन्सीने दिलेलं ओळखपत्र. त्याच कायद्याचं कलम १३ काढून वाचा. एजन्सीचं लायसन रद्द करायचं तर तिचं म्हणणं ऐकावं लागतं, कारणं लेखी द्यावी लागतात, वर गृहसचिवांकडे अपील आहे. गार्डला काय? कमिटी मेंबरचा एक फोन, "याला उद्यापासून पाठवू नका."

आमच्या एका साइटवर परभणीकडचा नवा पोरगा होता. रात्री साडेअकराला चेअरमनच्या मेव्हण्याची गाडी आली. पोराने काच खाली करायला लावली, रजिस्टर पुढे केलं. नाव, फ्लॅट, गाडी नंबर. मेव्हणा म्हणाला, ओळखत नाहीस का मला? पोरगा म्हणाला, सही करा साहेब, मग गेट उघडतो. सकाळी सातला मला फोन, गार्ड उद्धट आहे. दुपारी त्याची साइट काढली, पगारातून युनिफॉर्मचे पैसे कापले आणि दुसरी साइट मिळेपर्यंत घरी बसवला. ट्रेनिंगमध्ये आम्ही शिकवलं तेच त्याने केलं होतं. तुमच्या हिशेबात ही त्याची तक्रार क्रमांक एक.

आणि झोपलेल्या गार्डची ती सलग कितवी ड्युटी होती, हे कुणी विचारलंत का? रिलीव्हर, म्हणजे पुढच्या पाळीचा गार्ड, आला नाही की बारा तासांवर आणखी बारा तास तोच उभा राहतो. एजन्सीचं रजिस्टर तपासा, मग तीन तक्रारींचं बोला.

सेक्रेटरी_हडपसर:
म्हणजे पुन्हा सगळं सोसायटीच्या माथी. आम्ही बिल वेळेवर देतो, वर १८ टक्के जीएसटी देतो. मिळतो कोण? इंटरकॉम लावता न येणारा माणूस. नियमात १०० तास वर्गातलं आणि ६० तास फील्डवरचं ट्रेनिंग लिहिलंय म्हणे. आमच्याकडे आलेल्या गार्डला विचारलं तर म्हणाला, काल गावाहून आलो, आज युनिफॉर्म मिळाला. अशा माणसावर मी अडीचशे घरांची जबाबदारी टाकायची आणि फोनही करायचा नाही?

साइटवरचा:
फोन करा, पण कागदही करा. ट्रेनिंग न दिलेला माणूस पाठवणं हा एजन्सीचा गुन्हा आहे, त्याचा नाही. पसाराच्या परिशिष्टात किमान वेतन कायदा आहे, पीएफचा कायदा आहे. ते मोडले तर एजन्सीचं लायसन जाऊ शकतं. एजन्सीला लायसन देणाऱ्या नियंत्रक प्राधिकाऱ्याकडे लेखी तक्रार केलेली एक सोसायटी दाखवा मला. करणार नाहीत, कारण किमान वेतनाचं बिल आलं की एजन्सीच बदलतात!

औंधची_ताई:
सगळे सुनावणी सुनावणी करताय. ती कशी असते ते मी सांगते. आम्ही परराज्यात असताना बाबांच्या ऑपरेशननंतर जे झालं, त्याची तक्रार तिथल्या मेडिकल कौन्सिलकडे केली. तारीख पडायची, आई आणि मी फाइल घेऊन बाहेरच्या बाकावर, आत सगळे डॉक्टर. बाबा गेले तरी निकाल नाही. शेवटी एक पानाचं पत्र आलं, निष्काळजीपणा आढळला नाही. अपील करायला गेलो तर कळलं, २०१९ च्या एनएमसी, म्हणजे राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाच्या, कायद्याच्या कलम ३० मध्ये वर जायचा हक्क फक्त डॉक्टरला आहे. त्याआधीच्या २००२ च्या नियमांत रुग्णही जाऊ शकत होता. तो हक्क काढून घेतला आणि कुणी हूं की चूं केलं नाही. अशी कौन्सिलं गार्डसाठी काढून काय करायचंय?

डॉ_सातारा:
ताई, तुमच्या वडिलांबद्दल वाईट वाटतं, पण दुसरी बाजूही ऐका. आमच्या गावात बिलावरून वाद झाला की पहिलं वाक्य असतं, "कौन्सिलला खेचतो." मी स्वतः ओपीडी बंद ठेवून सुनावणीला गेलोय, आणि तक्रारदारच आला नाही. पुढच्या तारखेलाही नाही. रुग्णाला ग्राहक आयोग आहे, पोलीस आहेत, कौन्सिल आहे. २०१० मध्ये राज्याला डॉक्टरांवरच्या हल्ल्यांविरुद्ध वेगळा कायदा करावा लागला, तो उगाच नाही. आणि आत डॉक्टर बसतात कारण ऑपरेशन चुकलं की नाही हे डॉक्टरलाच कळतं.

औंधची_ताई:
ग्राहक आयोग पैसे देईल. तो माणूस उद्या दुसऱ्याचं पोट उघडणार की नाही, हे कोण ठरवणार? मला पैसे नको होते हो! तुमच्या ओपीडीचा एक दिवस बुडाला, माझा बाप गेला. हे दोन्ही एका तागडीत घालू नका.

डॉ_सातारा:
मी घातलेलं नाही. माझ्या तोंडी शब्द घालू नका.

काळाकोट:
मध्ये पडतो. आम्हा वकिलांच्या ॲडव्होकेट्स ॲक्टमध्ये कलम ३५ खाली तक्रार राज्याच्या बार कौन्सिलच्या शिस्तपालन समितीकडे जाते. एका वर्षात निकाल लागला नाही तर प्रकरण बार कौन्सिल ऑफ इंडियाकडे वर्ग होतं. आणि कलम ३७ मध्ये अपील निर्णयाने नाराज झालेल्या कुणालाही आहे, पक्षकारालासुद्धा. डॉक्टरांच्या कायद्यात हे घालायला काय हरकत होती?

डॉ_सातारा:
वकिलांनी आम्हाला शिकवू नये. १९९५ पासून आम्ही ग्राहक कायद्यात आहोत. तुम्ही २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या निकालाने त्यातून बाहेर पडलात.

काळाकोट:
तो निकाल मला पटला असं मी म्हटलेलं नाही. मुद्दा अपीलाचा आहे. त्यावर बोला.

डॉ_सातारा:
ठीक आहे. अपील दोघांना हवं, हे मान्य. पण खोटी तक्रार करणाऱ्याला दंडही हवा, आणि यावरून मी हटणार नाही.

औंधची_ताई:
मान्य करायला एवढं ताणलंत. असो. दंड लावा, पण तक्रार खोटी आहे हे आधी सिद्ध करा. पुरावा मिळाला नाही म्हणजे तक्रार खोटी, असं नसतं.

वाकडकर:
माझा धागा गार्डचा होता. डॉक्टर-वकिलांचा वेगळा काढा.

लेस्टरवासी:
गार्डचंच सांगतो. इथे इंग्लंडमध्ये २००१ च्या कायद्याने एसआयए आलं, म्हणजे गार्डना लायसन देणारी सरकारी संस्था. लायसन माणसाच्या नावावर, तीन वर्षांचं. शिकत असताना मी ते काढलं होतं. नंबर टाकून कुणीही ऑनलाइन तपासू शकतं. रद्द करायचं तर आधी पत्र येतं, उत्तराला मुदत मिळते, पुढे मॅजिस्ट्रेट कोर्टात अपील. धोका वाटला तर तात्काळ निलंबनही आहे. पण दुकानाने स्वतःच्या पगारावर ठेवलेल्या साध्या गार्डला लायसन लागत नाही. ती पळवाट अजून आहे.

साइटवरचा:
पसारातही एजन्सीचाच विचार आहे, सोसायटीने थेट ठेवलेला वॉचमन त्यात येत नाही. आणि विलायतेला कशाला जायचं? आपल्याकडे १९८१ चा सुरक्षा रक्षक कायदा आहे. त्याखालच्या सुरक्षा रक्षक मंडळाच्या गार्डची नोंद मंडळाकडे असते, कारवाईही मंडळ करतं, आणि आधी त्याचं म्हणणं ऐकतं. पण कलम २३ खाली एजन्सीच्या गार्डना सूट मिळत गेली आणि बहुतेक गेटवर आज तेच उभे आहेत.

वाकडकर:
बरं, तीन तक्रारींचं मागे घेतो. नंबर मात्र हवाच. आणि आमच्या बाइक गेल्या त्याचं काय, हे अजून कुणी सांगितलेलं नाही.

साइटवरचा:
एजन्सीला लेखी नोटीस द्या. त्या रात्रीची हजेरी आणि आदल्या दिवशीची ड्युटी मागा, त्या झोपलेल्या गार्डचा जबाब मागा. डबल ड्युटी निघाली तर प्रत नियंत्रक प्राधिकाऱ्याला. नंबर असावा हे मलाही मान्य आहे, पण त्याच्यासमोर गार्डची बाजू लिहायला रकाना हवा.

सेक्रेटरी_हडपसर:
नोटिशीचा नमुना इथे टाका. आमच्या एजन्सीलाही पाठवतो. रिलीव्हरचे पैसे मात्र वार्षिक सभेत मंजूर करून घ्यावे लागतील, आणि तिथे मेंटेनन्स वाढवायचा म्हटलं की हात वर होत नाहीत.