विषय: वरच्या टॉयलेटमधलं गार्ड कुणी काढलं?

रामबागवाले अप्पा, मंगळवार सकाळी 7.12

सर्वांना नमस्कार,

काल मंडळाच्या हॉलची चावी घेऊन वर गेलो होतो, गच्चीवरचे दिवे लागतात का बघायला. दोन लागत नाहीत. तर वरच्या टॉयलेटमध्ये कमोडला जे प्लॅस्टिकचं गार्ड लावलेलं असायचं ते जागेवर नाही. चिकटवायच्या कपांचे गोल डाग तेवढे राहिलेत. शनिवारी कोजागिरीला दीडशे माणूस येणार, दोन-दोन ग्लास मसाला दूध पिणार, आणि त्यानंतर त्या खोलीची काय दशा होते ते मागच्या वर्षी सगळ्यांनी बघितलंय, मी परत वर्णन करत नाही. दाराबाहेर नईदुनिया पेपरची पानं अंथरायची वेळ आली होती. ज्याने नेलं असेल त्याने शुक्रवारपर्यंत आणून ठेवावं, कोणी काही विचारणार नाही.

अप्पा

सुदामानगर, मंगळवार 8.40

अप्पा, मी काढलं नाही, आधीच सांगून टाकतो कारण आपल्याकडे काही गायब झालं की गाडी सुदामानगरवरच येते (माइकचं आठवा, शेवटी कुठे निघाला). विसर्जनाच्या दिवशी मी बघितलं तेव्हा ते गीझरवर आडवं टाकलेलं होतं. मला वाटलं गीझरचंच काही झाकण आहे. ते नक्की कशासाठी असतं?

राजेंद्रनगरच्या वहिनी, मंगळवार 11.05

ते मी आणलं होतं, मला विचारा.

माझ्याकडे दोन मुलगे आहेत, सहा आणि चार. मोठ्याला मागून हाक मारली की तो नुसती मान वळवत नाही, चालू धारेसकट सगळाच्या सगळा वळतो. भिंत, बादली, पायपुसणं, सगळं गेलं. म्हणून ऑनलाइन मागवलं. अर्धगोल पारदर्शक प्लॅस्टिक असतं, वीतभर उंच, खाली सक्शन कप. सीट वर करायची आणि ते कमोडच्या पुढच्या काठावर आतून चिकटवायचं. उभ्याने करणाऱ्याचे शिंतोडे त्यावर आपटून आतच ओघळतात, फरशीवर येत नाहीत. घरी इतका फरक पडला की दुसरं मागवून गणपतीआधी मंडळाला लावून दिलं. बसायचं असेल तर काढून ठेवायचं, म्हणून तर ते निघणारं घेतलं. त्यात न समजण्यासारखं काही नव्हतं.

खजिनदार, मंगळवार 12.30

वहिनी, भावना पोचली, पण बिल माझ्याकडे आलेलं नाही. देणगी असेल तर पावती फाडावी लागेल, खरेदी असेल तर कार्यकारिणीची मंजुरी. भांडार रजिस्टरमध्ये ही वस्तू चढवलेलीच नाही, त्यामुळे कागदावर बघितलं तर मंडळाचं काहीही हरवलेलं नाही.

तिलकनगरची मावशी, मंगळवार 3.15

कागदावर नसेल, पण माझ्या साडीवर होतं ना ते!

आता विषय निघालाच आहे तर बोलते. नवरात्रात आपलं हळदीकुंकू होतं. खालचं देशी, तिथे माझ्या गुडघ्यांना बसवत नाही, म्हणून वर गेले. वर एकच कमोड, तेच बायकांना तेच पुरुषांना. एका हातात पदर, पर्स खुंटीवर, आणि समोर ते उभं. कुठे धरायचं त्याला? दोन बोटांनी वरची कड पकडून ओढलं तर कप निघेना, जरा जोर लावला तर फटकन सुटला आणि त्याच्या मागे जे काही साठलेलं होतं ते सगळं माझ्या माहेश्वरीच्या निऱ्यांवर. बरं, काढलं, आता ठेवू कुठे? खुंटी एकच. बादलीत टाकलं तर त्याच बादलीत उद्या कोणी तरी तांब्या बुडवणार. जमिनीवर ठेवलं तर तिथे तळं. शेवटी खिडकीत उभं केलं, तर ते टपटप करत राहिलं आणि मी तशीच बसून त्याच्याकडे बघत होते. बाहेर आल्यावर कुंकू लावायच्या आधी मी कोपरापर्यंत हात धुतले.

तर बाळांनो, गार्ड लावा, नाही कोण म्हणतं, पण ओलं गार्ड हातात घेऊन बाईमाणसाने जायचं कुठे ते आधी सांगा.

रामबागवाले अप्पा, मंगळवार 4.02

मावशी, वाईट वाटलं. पण ते पाणी असणार. जेटचं पाणी. आपले लोक जेट असा धरतात की फायर ब्रिगेडची भरती चालू आहे, सगळीकडे उडतं, आणि आळ पुरुषांवर येतो. तुम्हाला काय माहीत ते कशाचं होतं?

नारायणबागच्या बाई, मंगळवार 5.20

अप्पा, मी आयुष्यभर शाळेत केमिस्ट्री शिकवली, ते मला कळतं. पाणी वाळलं की पांढरा डाग राहतो, हे वाळलं की पिवळा राहतो, आणि वास येतो.

ताज्या लघवीला फारसा वास नसतो. तिच्यातल्या युरियाला जिवाणू फोडतात आणि अमोनिया तयार होतो, तो हा वास. अमोनियामुळे ते द्रव अल्कली होतं, मग त्यातलं कॅल्शियम आणि मॅग्नेशियम फॉस्फेटच्या रूपात खाली बसतं, आणि हॉलला बोअरिंगचं पाणी असल्यामुळे त्याचे क्षार वरून आणखी भर घालतात. म्हणून फरशीच्या सांध्यांत आणि गार्डच्या कपांच्या घडीत तो खडबडीत थर धरतो. साबणाने तो जात नाही, आंबट काही लागतं. कोमट पाण्यात टाटरी (म्हणजे सायट्रिक ॲसिड) घालून अर्धा तास भिजवायचं आणि जुन्या टूथब्रशने घासायचं, निघतो.

आणि ॲसिड आणि ब्लीचिंग पावडर एकत्र टाकू नका, मी दरवर्षी सांगते आणि दरवर्षी कोणी तरी टाकतं. त्यातून क्लोरीन वायू निघतो. मागच्या गुढीपाडव्याला मी दार उघडलं आणि खोकत जिन्यावर येऊन बसले, लोकांना वाटलं नाटक बघून रडू आलं.

ओंटारिओकर (मूळचा स्नेहलतागंज), मंगळवार रात्री 9.48

इकडे दुपार आहे, ऑफिसच्या जेवणाच्या सुट्टीत घाईत लिहितोय.

हा विषय हसण्यावारी नेऊ नका. इथे जवळच वॉटरलू युनिव्हर्सिटी आहे, तिथल्या लोकांनी ह्याच शिंतोड्यांवर काम करून 2025 मध्ये पेपर छापलाय. निष्कर्ष असा की धार पृष्ठभागावर 30 अंशांपेक्षा कमी कोनात, म्हणजे जवळजवळ घसरत, आदळली तर शिंतोडे जवळपास उडतच नाहीत. काटकोनात आदळली की सगळं उलट तुमच्या पँटवर. त्यावरून त्यांनी शंखाच्या आकाराचं युरिनल बनवलंय. त्याच्या आधी 2013 मध्ये अमेरिकेत ब्रिगहॅम यंग युनिव्हर्सिटीवाल्यांनी दाखवलं होतं की धार सहा-सात इंचांनंतर सलग राहत नाही, तिचे थेंब होतात, आणि शिंतोडे ते थेंब उडवतात. म्हणून जवळ उभं राहावं.

आता वहिनींच्या गार्डचं. ते सरळ उभं असेल तर बाहेर जाणारं अडेल हे बरोबर, पण थेट त्याच्यावरच मारलं तर तिथूनही उडणार. आतल्या बाजूला कललेलं हवं. आणि अ‍ॅमस्टरडॅमच्या विमानतळावर युरिनलमध्ये माशीचं चित्र काढलेलं असतं, पुरुष आपोआप त्यावर नेम धरतात. तसा स्टिकर लावता येईल.

सुदामानगर, मंगळवार 10.01

भिया, माशीचा स्टिकर मी आणतो. कुठल्या जागी चिकटवायचा तेवढं सांग.

तिलकनगरची मावशी, मंगळवार 10.15

मी बसणार आहे तिथे माशी नको.

रामबागवाले अप्पा, बुधवार सकाळी 6.50

ओंटारिओकरा, अभ्यास चांगला आहे, पण आमच्या वयात धार सहा इंच जाईल तर पेढे वाटू. थंडी पडली का तिकडे? आईने जीरावन मसाल्याचं पाकीट दिलंय म्हणत होती, कोणी येणारं असलं की कळव, तळून खायचे गराडू कंदही आता यायला लागतील पण ते काही पाठवता येत नाहीत.

लोकमान्यनगरचे डॉक्टर, बुधवार 9.30

सगळे उभे राहूनच करणार हे का गृहीत धरलंय? बसा की. बसून केलं तर ना गार्ड लागतं, ना माशी, ना कोन मोजावा लागतो. नेदरलँडमधल्या लायडनच्या डॉक्टरांनी 2014 मध्ये बरेच अभ्यास एकत्र करून बघितले, प्रोस्टेटचा त्रास असलेल्या पुरुषांना बसून केल्याने जास्त मोकळी होते आणि मूत्राशयात मागे कमी उरते. धडधाकट माणसाला उभं काय, बसून काय, फरक पडत नाही. म्हणजे तोटा कोणालाच नाही. माझ्याकडे येणाऱ्या साठीच्या पुढच्या सगळ्यांना मी हेच सांगतो, आणि सगळे मान खाली घालून हो म्हणतात आणि घरी जाऊन उभेच राहतात.

रामबागवाले अप्पा, बुधवार 9.58

डॉक्टरसाहेब, मान खाली घालणाऱ्यांत मी पण होतो. बसायला माझी हरकत नाही, बसणं जमतं, प्रश्न उठण्याचा आहे. वर धरायला काहीच नाही, मी फ्लशची टाकी धरून उठतो आणि ती टाकी हलते, एक दिवस मी आणि टाकी दोघं एकदम खाली येऊ, आणि सीटवर आधीच ओलं असतं तर बसणार कशावर, ते पुसायला कागद नसतो, आणि काही लोक त्या सीटवर चढून उकिडवे बसतात, बुटांचे ठसे मी स्वतः बघितलेत, ते कोण ते मला माहीत आहे, नाव घेत नाही. हँडल बसवा, मी बसतो. दोन वर्षं सांगतोय.

खजिनदार, बुधवार 10.20

हँडलची मागणी लेखी आलेली नाही. (सीटवर चढणारं मी नाही.)

राजेंद्रनगरच्या वहिनी, बुधवार 10.40

2017 पासून अख्ख्या देशात आपलं इंदूर शहर स्वच्छतेत वर, निगमच्या कचरागाडीत ओला-सुका कचरा वेगळा टाकता सगळे न चुकता, आणि मंडळात एक हँडल बसत नाही. मी पैसे देते. पावती नको.

सचिव, बुधवार रात्री 8.35

सर्वांना,

गार्ड सापडलं.

आज हॉलवर गेलो, तर साफसफाईला येणाऱ्या ताई भेटल्या, सहज विचारलं. त्या म्हणाल्या, "भैया, वो तो मैं हर बार निकालती हूँ। उसके पीछे भरा रहता है, कोई धोता नहीं। ऊपर धूप में डाल देती हूँ।" गच्चीवर पाण्याच्या टाकीमागे विटेला टेकवलेलं होतं. गणपतीनंतर कार्यक्रम असला की त्या खाली आणून लावायच्या, झाला की धुऊन परत वर. हळदीकुंकवानंतर वर टाकलं ते राहिलंच, मधे त्या आठ दिवस गावी गेल्या होत्या. ऑक्टोबरच्या उन्हाने ते एका बाजूने पापडासारखं वळलंय. दोन कप कडक झालेत, मी काठावर दाबून बघितलं, हात सोडला की पडतं. ताईंनी आणखी एक सांगितलं की कप सरळ ओढायचा नसतो, कडेचा कंगोरा नखाने उचलायचा, हवा आत गेली की आपोआप सुटतो. मावशी, हे तुमच्यासाठी.

शनिवारचं असं ठरवतोय, आता ह्यावर परत चर्चा नको:

पुरुषांनी खालच्या मजल्यावर जायचं. वरचं बायका आणि ज्यांचे गुडघे दुखतात त्यांच्यासाठी, तिथे गार्ड लावायचं नाही. दारामागे आणखी दोन खुंट्या उद्या ठोकून घेतो, टिश्यूचा रोल ठेवतो. भिंतीला हँडल बसवायला प्लंबर शुक्रवारी सकाळी येतोय, बिल वहिनींच्या नावाने. गार्ड आता वेगळ्या लाल बादलीत, बादलीवर मी रंगाने लिहून ठेवणार आहे, म्हणजे तांब्या कोणी बुडवणार नाही. बाईंनी सांगितलेली टाटरी किराण्यात लिहिली आहे. वहिनी, नवीन मिळालं तर कललेलं बघा.

आणि दूध किती लिटर घ्यायचं ते अजून कोणी कळवलेलं नाही. मागच्या वर्षी उरलं होतं.

राजेंद्रनगरच्या वहिनी, बुधवार 8.50

घरचं आहे ते आणू का शनिवारी खालच्या मजल्यासाठी?

सुदामानगर, बुधवार 8.52

वहिनी, खालचं देशी आहे. चिकटवणार कशाला?

रामबागवाले अप्पा, बुधवार 9.10

ठीक. म्हणजे मी शनिवारी वरच्या रांगेत बायकांच्या मागे उभा राहायचं, राहीन, वयाच्या मानाने चालेल. दूध तीस लिटर सांगा, पुरतं. गच्चीवरच्या त्या दोन दिव्यांचं मात्र कोणीच काही बोललं नाही.