मदत हवी आहे: गायनॅक क्लिनिकच्या टेबलासाठी पायांचे आधार कुठले घ्यावेत?

डिचोलीचा_दामू
नमस्कार मंडळी. बायको स्त्रीरोगतज्ज्ञ, क्लिनिकच्या खरेदीचं खातं माझ्या गळ्यात. टेबलाचे पट्टेवाले लिथॉटॉमी रॉड (तपासणीत बाईचे पाय वर अडकवायचे दांडे) आता बाद झालेत, पट्टे उसवलेत आणि रंगाखालून गंज फुटलाय. पणजीच्या डीलरने तीन प्रकार दाखवले: नुसती टाच टेकवायचे स्टिरप, गुडघ्याखाली येणारी गादीची खोबण, आणि पोटरीसकट पाऊल बसतं तो बूट. बूट बाकीच्यांपेक्षा कैक पट महाग, म्हणून अर्थातच डीलर म्हणतो बूटच घ्या. चवथीच्या आधी बसवून हवेत, नंतर तो फोन उचलायचा नाही. 'डॉक्टरांना विचारा' असं कृपया लिहू नका. डॉक्टर घरातच आहे आणि तिचं म्हणणं एवढंच की "काहीही आण, पण डुगडुगता कामा नये."

मडगावची_सिस्टर
कसल्या प्रोसिजर करता? नुसती तपासणी आणि कॉपर-टी, की कॉल्पोस्कोपी (गर्भाशयाचं तोंड भिंगातून बघणं), हिस्टेरोस्कोपी (गर्भाशयात दुर्बीण घालून बघणं) सुद्धा? झोपेचं इंजेक्शन देता का? टेबल कुठलं?

डिचोलीचा_दामू
सगळंच थोडं थोडं. टेबल नेहमीचं असतं तेच.

मडगावची_सिस्टर
नेहमीचं म्हणजे कसलं हो बाब?

वेर्णा_वर्कशॉप
विकत घेऊच नका. आपल्या हवेत डीलरचा पावडर कोटिंगवाला माल दोन पावसाळे काढत नाही. 316 ग्रेडच्या स्टेनलेस स्टीलचा पाइप आणा, 304 नको, समुद्राकाठी त्यावरही तांबूस ठिपके येतात. कुठल्याही चांगल्या फॅब्रिकेटरकडे वाकवून घ्या. वर फोम आणि रेक्झिन. झालं.

मडगावची_सिस्टर
डिचोलीला समुद्र कुठला? स्टील खातं ते पुसायचं हायपोक्लोराइट, म्हणजे जंतुनाशक ब्लीच. ते मारल्यावर साध्या पाण्याचं फडकं फिरवायला मामांना सांगा, मग 304 सुद्धा टिकतं. फोमला शिवण असली की आत पाणी जातं आणि जुलैत बुरशीचा वास सुटतो. सलग मोल्ड केलेली गादी मागा.

करवीर_डॉक्टर
मी कोल्हापुरात ऑफिस हिस्टेरोस्कोपी (क्लिनिकमध्येच, भूल न देता) करते, म्हणून मुद्द्याचं लिहिते. पट्ट्यात पाय टांगला की गुडघा बाहेर कलतो आणि पोटरीची वरची बाहेरची बाजू रॉडवर दाबते. गुडघ्याच्या खाली तिथेच फिब्युलाच्या (पोटरीच्या बाहेरच्या हाडाच्या) मानेवरून कॉमन पेरोनिअल नर्व्ह जाते, कातडीच्या अगदी लगत. ती दबली की पायाला मुंग्या, जास्त वेळ दबली तर पाऊल उचलता येत नाही. जागी बाई बोलते, "डॉक्टर, पाय बधिर झाला". गुंगीत असली तर बोलत नाही, म्हणून सिस्टरनी झोपेच्या इंजेक्शनचं विचारलं. त्याचं उत्तर अजून आलेलं नाही.

टाचेचे स्टिरप दोन मिनिटांच्या तपासणीला उत्तम. पुढे मांडीला आधार नसल्याने पाय थरथरायला लागतात आणि बाई वर सरकते. आपल्याला कुल्ले टेबलाच्या कडेला हवेत, नाहीतर स्कोपचा मागचा भाग खाली नेताच येत नाही. माझं मत बुटाला.

फिजिओ_फोंडा
बूट चांगला हे मान्य, पण तो लावला म्हणजे झालं असं नाही. वजन टाचेवर आणि तळव्यावर हवं, पोटरीवर नाही. मांडी पोटाकडे फार दुमडून वर बाहेर फाकवली तर जांघेत फेमोरल नर्व्ह दबते. खुब्याचं किंवा गुडघ्याचं ऑपरेशन झालेल्या बाईचे दोन पाय सारख्या उंचीला जातच नाहीत. म्हणून दोन्ही बाजू वेगवेगळ्या सेट होणारं काहीही घ्या, आणि पाय वर घेताना दोन्ही एकदम, दोघींनी धरून.

पेडण्याचा_पात्रांव
गुडघ्याचा विषय निघालाच आहे तर, आईला जिना चढताना कट्कट आवाज येतो. निरगुडीचं तेल चालेल का?

फिजिओ_फोंडा
वेगळा धागा काढा हो.

वेर्णा_वर्कशॉप
बूट, बूट काय? कॉपर-टी घालताना बाई चक्कर येऊन पांढरी पडली तर बुटाचे पट्टे सोडेपर्यंत काय करणार? खोबणीतून पाय चटकन खाली येतो. मावशी नर्स होत्या, ऐकलेलं आहे.

करवीर_डॉक्टर
चक्कर आल्यावर पाय चटकन खाली आणायचे नसतात! पायातलं रक्त वरच राहू द्यायचं आणि पाठीकडची बाजू सपाट करायची, जमल्यास डोकं थोडं खाली. त्यासाठी टेबलाची पाठ एका हाताने पडली पाहिजे. मोटरवालं असेल आणि नेमकी लाइट गेली तर? आधार निवडण्याआधी हे बघा.

आल्तिनोचे_आजोबा
पूर्वी दवाखान्यात सागवानी टेबलं असत, पितळी खिळ्यांची. गोव्यात मेडिकल स्कूल 1842 सालचं आहे, म्हणजे मुंबईच्या ग्रँट मेडिकलच्याही आधीचं. आता सगळं प्लास्टिक.

म्हापशाची_माई
मी डॉक्टर नाही, टेबलावर झोपलेली बाई आहे. बूट की खोबण हे मला कळलंही नाही. कळलं ते हे: पोटरीला गार लोखंड लागलं, पाय दाराच्या दिशेने होते आणि दार दोनदा उघडलं. टेबल फिरवा, पडदा लावा, मांड्यांवर चादर द्या, मोजे घालू द्या. यातल्या कशाला डीलर लागत नाही.

मडगावची_सिस्टर
माईंना शंभर मार्क. दामूबाब, टेबलाला बाजूला स्टीलची पट्टी आहे का? रेल म्हणतात ती. असेल तर कॅलिपरने मापा. युरोपी 10 × 25 मिमी असते, अमेरिकी साधारण 9.5 × 28.5. क्लॅम्प दुसऱ्या मापाचा आला की डुगडुगणारच. वहिनींचं तेवढंच तर म्हणणं आहे.

डिचोलीचा_दामू
पट्टी नाही. दोन्ही बाजूंना गोल भोकं आहेत, त्यात रॉड उभा राहतो आणि बाजूने स्क्रू आवळायचा. नेहमीचं टेबल म्हणजे हेच ना? झोपेचं इंजेक्शन इथे देत नाही, तशा केसेस ती हॉस्पिटलमध्ये करते. इथे तपासणी, कॉपर-टी, बायोप्सी. कॉल्पोस्कोप पुढच्या महिन्यात येतोय.

मडगावची_सिस्टर
देवा. हे पहिल्याच ओळीत सांगायचं होतं. रेल नाही तर बूट बसणार कशावर?

वेर्णा_वर्कशॉप
रेल वेल्ड करून देतो की. अर्ध्या दिवसाचं काम.

करवीर_डॉक्टर
अजिबात नको. बूट कडेच्याही पुढे लोंबतो, त्यावर पायाचं सगळं वजन. हलक्या चौपायी टेबलाचं डोकं उचललं जाईल. तुम्ही रेल वेल्ड कराल, टेबलाचा तोल कोण वेल्ड करणार?

वेर्णा_वर्कशॉप
खाली जमिनीत बोल्ट मारतो.

करवीर_डॉक्टर
मग फिरवायचं कसं? माईंनी काय सांगितलं ते वाचा. दामू, गुंगी नाही, वेळ थोडा, गोल भोकं. तुम्हाला बूट नको, माझंच वरचं मत मागे घेते. गोल दांड्याची, गुडघ्याखालची खोबण घ्या. खोबण रुंद हवी, तिची बाहेरची कड गुबगुबीत हवी आणि ती दांड्यावर तिरकी फिरली पाहिजे. कॉल्पोस्कोप येणार असेल तर दांडा बाहेर वाकलेला बघा, सरळ असला तर स्टँडचा पाया मध्ये शिरत नाही.

डिचोलीचा_दामू
देव बरें करूं. बायकोला वाचून दाखवलं, ती म्हणाली "हेच तर मी सांगत होते". डीलरला फोन केला, खोबणीवाला गोल दांडा आहे त्याच्याकडे. भोक मापून पाठवलंय, 25 मिमी.

मडगावची_सिस्टर
आतून मापलंत की बाहेरून?