'बल्क वेस्ट जनरेटर'ला मराठीत काय म्हणायचं?

वेलांटी: सोसायटीत सूचना लावायची आहे. दिवसाला सरासरी 100 किलोंच्या वर कचरा होणाऱ्यांना 2016 च्या घनकचरा नियमांत 'बल्क वेस्ट जनरेटर' म्हटलं होतं. ओला कचरा शक्यतो आवारातच जिरवा, असंही सांगितलं होतं. मी 'मोठे कचरा निर्माते' लिहिलं. चेअरमन म्हणाले, आपण काय सिनेमे काढतो? 'उत्पादक' लिहा.

खडूस_काका: उत्पादक उसाचे असतात. उद्या हमीभाव मागाल.

रंकाळ्याकडचा: 'घाऊक कचरेवाले' लिहा की!

वेलांटी: कचरेवाला म्हणजे उचलणारा ना?

सदाशिवी: पुण्यात उचलणाऱ्यांना 'कचरावेचक' म्हणावं. त्यांची 'कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत' ही संघटना 1993 ची. तीन शब्दांत बहुतेक सुका कचरा आला बघा. असं नाव शब्द घडवणाऱ्या समितीवर बसलेल्यांना सुचलं असतं का?

शुद्धमती: समित्यांनीही चांगले शब्द दिलेत. 'डंपिंग ग्राउंड'ला 'क्षेपणभूमी' काय वाईट?

खडूस_काका: रिक्षावाल्याला सांगून पाहा, श्रीहरिकोट्याचं भाडं सांगेल. मुंबईत डंपिंग, पुण्यात कचरा डेपो. संपलं.

शुद्धमती: म्हणजे आळसाला रूढी म्हणायचं.

रंकाळ्याकडचा: आमच्यात कचराकुंडीला कोंडाळा म्हणतात. 'कुंडी' म्हटलं की मला तुळस आठवते.

पाळी_तिसरी: मी केमिकल कंपनीत आहे. आमच्याकडच्या ईटीपीच्या, म्हणजे सांडपाणी शुद्धीकरण यंत्रणेच्या, स्लजला (तळाशी साचणाऱ्या चिखलाला) एका भाषांतरकारानं 'गाळ' केलं होतं. सरकारच 'गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार' म्हणतंय. धरणातला गाळ शेतकरी हौसेनं शेतात नेतो. उद्या कुणी हाही मागितला तर? आमचा घातक कचऱ्यात मोडतो, 90 दिवसांच्या वर आवारात ठेवता येत नाही, तळोजाच्या घातक कचरा केंद्रात पाठवतो, सोबत मॅनिफेस्ट, म्हणजे वाहतुकीचं नोंदपत्र, लागतं. त्यामुळे फलकावर 'स्लज'च. इथे शुद्धीपेक्षा माणूस वाचलेला बरा.

शुद्धमती: 'घातक गाळ' लिहा.

पाळी_तिसरी: घाईत माणूस नुसतं 'गाळ' वाचतो.

सदाशिवी: चांगला देशी शब्द म्हणजे उकिरडा. संस्कृत 'उत्कर'वरून आला म्हणतात. शेणकाडी, राख, केर सगळं तिथे, आणि पावसाआधी खत शेतात. नियम न वाचता लोक कचरा आवारात जिरवत होते. बारा वर्षांनी उकिरड्याचेही पांग फिटतात!

खडूस_काका: देवनारला 1927 पासून कचरा पडतोय. बारा वर्षं कितीदा झाली, हिशेब करा.

रंकाळ्याकडचा: पांग नाही हो, 'दैव उघडतं'. पांग आईचे फेडतात.

सदाशिवी: पांग म्हणजे मुळात उणीव, दैन्य. आईचे फेडायचे ते नंतरचे.

रंकाळ्याकडचा: कोशात असेल. आमच्या गावात कुणी म्हणत नाही.

वेलांटी: अहो, सूचना उद्या लावायचीय...

शुद्धमती: 'पांग'चं मूळ 'पंगू'त असावं का?