लांब कमांड नोटपॅडमध्येच लिहायची, हे ठरवलं कुणी?

गुहागरकर: काल इथे एकाने ठोकून दिलं की सिस्कोच्या राउटर-स्विचवर लांब कमांड जागच्या जागी दुरुस्त करणं ही म्हाताऱ्यांची हौस, नोटपॅडमध्ये लिहा, पेस्ट करा, मोकळे व्हा. मोकळे कसले! कन्सोल, म्हणजे थेट केबल लावायचं पोर्ट, चालतं सेकंदाला 9600 बिटांवर. चार पानं एकदम ओतलीत की मधली अक्षरं गळतात, अर्धवट ओळी आत जातात. ओळ लांबली की ती डावीकडे सरकते आणि तिथे डॉलरचं चिन्ह येतं, तेवढ्यानेच ही पोरं बिचकतात. कंट्रोल-ए दाबा, सुरुवात दिसेल. कंट्रोल-ई, शेवट. एस्केप-बीने एकेक शब्द मागे, कंट्रोल-डब्ल्यूने चुकलेला शब्द साफ. कर्सर मध्येच असला तरी एंटरला पूर्ण ओळ जाते.

चिपळूणचा पोरगा: ते मीच लिहिलं होतं. आज कन्सोलवर पेस्ट करतं कोण? एसएसएच आहे, नेटवर्कवरून लांबूनच आत शिरता येतं. आणि डॉलरमागे काय दडलंय ते न बघता एंटर मारणारे तुमच्याच पिढीतले. आमच्या सिनियरने ट्रंकवर (अनेक व्हीलॅन, म्हणजे एकाच स्विचवरची वेगवेगळी नेटवर्कं, वाहून नेणारी जोडणी) नवा व्हीलॅन देताना ‘अलाउड व्हीलॅन’पुढचा ‘ॲड’ गाळला. जुने सगळे व्हीलॅन उडाले, अख्खी बिल्डिंग बंद. नोटपॅडमध्ये असतं तर दुसऱ्या कुणी वाचलं तरी असतं.

देवगडी हापूस: ‘ॲड’ विसरायचाच असेल तर नोटपॅड आडवा येतो होय?

कुडाळचो झील: एसएसएच चलाक होया मां! पाऊस पडलो की लाईट जाता, मुंबई-गोवा हायवेवर जेसीबी फायबर तोडता. मगे कन्सोल केबल घेऊन धावूचा कोणी?

चिपळूणचा पोरगा: आला हायवे! इथे विषय काय चाललाय?

कुडाळचो झील: विषय ह्योच. 2011 पासून रुंदीकरण चालू आसा. एका ठिकाणी जोडली की पुढच्या वळणार परत तुटता. वर खणणारो म्हणता, केबल हय आसा ता सांगूक नाय! खुणेचो दगड त्येनाच उपटून टाकलेलो.

देवगडी हापूस: आमच्याकडे तर तुटलेली टोकं प्लास्टिकच्या पिशवीत बांधून ठेवली होती. पावसाळ्यात!

गुहागरकर: हायवेसाठी वेगळा धागा काढा रे. चिपळूणकर, एक मान्य: लांबच्या राउटरवर एसीएलला (कुणाला आत सोडायचं, कुणाला अडवायचं त्याची यादी) हात लावायचा तर आधी नोटपॅडमध्ये लिहावं, आणि ‘रीलोड इन 10’ देऊन ठेवावं. बाहेर फेकले गेलात तर दहा मिनिटांनी तो जुन्या कॉन्फिगवर परत उठतो. फक्त मध्ये सेव्ह करू नका.

चिपळूणचा पोरगा: उपकार झाले. तुमचं कंट्रोल-डब्ल्यूही करून बघितलं. टर्मिनल ब्राउझरमध्ये होतं, टॅबच मिटला. थोर विद्या!