मदत हवी आहे: फेब्रुवारीत द्युपालोन्ससांदुर किनारा, वाऱ्याचा अंदाज कसा घ्यायचा?

आइसलँडच्या स्नायफेल्सनेस द्वीपकल्पावरचा हा काळ्या गोट्यांचा किनारा. 1948 साली फुटलेल्या ब्रिटिश ट्रॉलरचे गंजके तुकडे अजून तिथेच पडलेत, आईला तेच बघायचेत. अचानक वर चढणाऱ्या लाटांबद्दल वाचलंय, त्यामुळे पाण्याजवळ जाणार नाही. गाडी फोर-व्हील, टायर खिळ्यांचे, बुटांना लावायचे काटेही घेतलेत. हवामान खात्याचा अंदाज बघतेय, पण मीटर प्रति सेकंदाच्या त्या आकड्यांवरून प्रत्यक्षात काय होतं ते कळत नाही. आई सत्तरीची, गुडघे जेमतेम. (उन्हाळ्यात जा असं कृपया सांगू नका, रजा फेब्रुवारीतच मिळतेय.) पार्किंगपासून लाव्हाच्या खडकांतून उतरणारी वाट गोठलेली असेल तर तिला झेपेल का? आणि वारा किती असला की गाडीतून न उतरताच परत फिरावं?