मदत हवी आहे: ओल्या वाळूत मेटल डिटेक्टर वाजायचा थांबतच नाही

नमस्कार मंडळी. मी दाभोळजवळचा. बहमनी काळापासूनचं हे बंदर, त्यामुळे जुन्या नाण्यांचं वेड लहानपणापासूनचं. नुकताच एकाच फ्रिक्वेन्सीवर चालणारा साधा डिटेक्टर घेतला. कोरड्या वाळूत छान चालतो, पण ओहोटीच्या ओल्या वाळूत नेला की सारखा वाजतो. खाऱ्या पाण्यातून वीज वाहते म्हणून असं होतं, एवढं कळलं. सेन्सिटिव्हिटी कमी केली की आवाज थांबतो, पण मग वीतभर खालचंही लागत नाही. ग्राउंड बॅलन्स (जमिनीतल्या खनिजांचा आवाज दाबायची सेटिंग) ओल्या वाळूवरच करायचा का? की मल्टी-फ्रिक्वेन्सी यंत्रच हवं? घरामागच्या जांभ्यातही तीच रड, त्यात लोह भरपूर.

दुसरं जास्त महत्त्वाचं. आमच्याच वाडीत माडाच्या आळ्यात तांब्याचं एक नाणं मिळालं, हिरवं पडलेलं. ‘श्री राजा शिव’ एवढं वाचता येतं, म्हणजे शिवराईच. आई चिंचेनं घासायला निघाली होती, मी कसंबसं थांबवलं. १८७८ च्या निखात निधी (म्हणजे जमिनीत दडलेला ठेवा) कायद्याप्रमाणे अशी वस्तू सापडली की जिल्हाधिकाऱ्यांना लेखी कळवायचं असतं. तुमच्यापैकी कोणी कळवलंय का? अर्जात काय काय लिहिलंत? आणि तोवर नाणं कशात ठेवू? इथली हवा फार दमट आहे.