ब्रिक्स : नवी सत्ता की नुसतीच भिशी?

सांजवारा
यंदा, २०२६ मध्ये, ब्रिक्सचं (ब्राझील, रशिया, भारत, चीन, दक्षिण आफ्रिका आणि नंतर आलेले काही देश यांचा गट) अध्यक्षपद भारताकडे आहे आणि माझ्या व्हॉट्सअ‍ॅपवर रोज कुणीतरी 'डॉलरचा खेळ खलास' असा मेसेज ढकलतंय. न राहवून लिहितोय.

माझ्या मते ही अमेरिकेविरुद्धची आघाडी वगैरे काही नाही, भिशी आहे. तीही कशी, ऐका. २०१४ मध्ये ब्राझीलमधल्या फोर्तालेझाला पाच देशांनी अडीनडीसाठी १०० अब्ज डॉलरची तजवीज केली. चीनचे ४१, भारत, रशिया आणि ब्राझीलचे प्रत्येकी १८, दक्षिण आफ्रिकेचे ५. कुणाच्या परकी चलनाच्या गंगाजळीला ओहोटी लागली तर बाकीच्यांनी हात द्यायचा. छान. पण कलम बघा : आपल्या उचलीच्या मर्यादेतले फक्त ३० टक्के थेट उचलता येतात. उरलेले ७० टक्के हवे असतील तर आधी आंतरराष्ट्रीय नाणेनिधीशी (अडचणीतल्या देशांना कर्ज देणारी संस्था, आयएमएफ) करार झालेला हवा. म्हणजे सावकाराला कंटाळून आळीतल्या बायकांनी भिशी काढली आणि नियम केला, मोठी उचल हवी असेल तर सावकाराची चिठ्ठी आणा!

त्यात मंडळी वाढवून ठेवलीत. इजिप्त आणि इथिओपियाचं नाईलवरच्या धरणावरून वाजलेलं, इराण आणि अमिरातीचं तीन बेटांवरून, आपलं आणि चीनचं तर विचारूच नका. अर्जेंटिनानं आमंत्रण मिळूनही २०२३ च्या डिसेंबरात नकार कळवला. शहाणाच म्हणायचा.

वाटसरू७१
भिशीचं उदाहरण झकास, पण सोयीचं. सावकार कसा आहे तेही सांगा ना. नाणेनिधीत मोठ्या निर्णयाला ८५ टक्के मतं लागतात आणि एकट्या अमेरिकेकडे १६ टक्क्यांच्या वर आहेत. म्हणजे तिला नको असेल तर पानही हलत नाही. २०१० मध्ये ठरलेली मतांची फेरवाटणी अमेरिकी काँग्रेसनं २०१५ च्या डिसेंबरपर्यंत भिजत ठेवली होती. ज्याच्या हाती ससा तो पारधी.

उलट ब्रिक्सची शांघायची बँक (न्यू डेव्हलपमेंट बँक) घ्या. पाचही संस्थापकांचा वाटा सारखा, नकाराधिकार कुणालाच नाही. पहिले अध्यक्ष आपले के. व्ही. कामत. मुंबईत मेट्रोचे जे मार्ग होतायत त्यातल्या काहींना याच बँकेचं कर्ज आहे. भिशी तर भिशी, पण त्या पैशात घर तर बांधून होतंय.

सांजवारा
@वाटसरू७१ : त्याच बँकेनं मार्च २०२२ मध्ये रशियाला नवी कर्जं देणं थांबवलं. संस्थापक सदस्याला! कारण बँक स्वतः बराचसा पैसा उभा करते तो डॉलरच्या बाजारातून, आणि तिथली पत घसरलेली तिला परवडत नाही. झालं की मग.

खडूस_काका
१९५५ ला इंडोनेशियातल्या बांडुंगला आशिया-आफ्रिकेतले २९ देश असेच एकीसाठी जमले होते. नेहरू होते, चीनचे पंतप्रधान चाऊ एन-लायही होते. सात वर्षांनी चिनी फौजा आपल्यावर खाली उतरल्या तेव्हा शस्त्रं पाठवली ती अमेरिकेनं आणि ब्रिटननं. चालू द्या तुमचं.

दर्यावर्दी
बँकेत फॉरेक्सला, म्हणजे परकी चलनाच्या खात्यात, उमेदीची वर्षं गेली, म्हणून दोन शब्द. डॉलरऐवजी 'रुपयात व्यापार' हे ऐकायला गोड आहे. रिझर्व्ह बँकेनं जुलै २०२२ मध्ये वाट मोकळी करून दिली. पुढं काय झालं? २०२३-२४ मध्ये आपण रशियाकडून ६० अब्ज डॉलरच्या वर माल घेतला, बहुतेक तेलच. विकला तो जेमतेम चार अब्जांचा. मग रशियानं त्या रुपयांचं करायचं काय? मे २०२३ मध्ये गोव्यात बाणावलीला शांघाय सहकार्य संघटनेची बैठक होती, तिथं रशियाचे परराष्ट्रमंत्री लावरोव्हनी उघडच सांगितलं की भारतीय बँकांत अब्जावधी रुपये साठलेत आणि ते दुसऱ्या चलनात बदलल्याशिवाय आमच्या कामाचे नाहीत. डॉलर नको म्हणणं सोपं आहे हो. पण समोरच्याला तुमच्याकडून घेण्यासारखं काही हवं ना! चीनकडे ते आहे, आपल्याकडे अजून पुरेसं नाही. एवढाच फरक.

प्राची_नैरोबी
मी मूळ पुण्याची, चौदा वर्षं केनियात आहे. दर्यावर्दी म्हणतात ते इथे डोळ्यांनी दिसतं. मोम्बासा-नैरोबी रेल्वे चीनच्या कर्जावर झाली आणि २०२५ मध्ये केनियानं ते डॉलरमधलं कर्ज चिनी युआनमध्ये फिरवून घेतलं. व्याज कमी पडतं म्हणून, अमेरिकेवर राग म्हणून नव्हे. तेव्हा सांजवारा, 'काहीच बदलत नाही' असंही नाही.

पण 'आपण ग्लोबल साउथचा (विकसनशील देशांचा) आवाज' हे ऐकलं की मला लसीची कुपी आठवते. ऑक्टोबर २०२० मध्ये भारत आणि दक्षिण आफ्रिकेनं मिळून जागतिक व्यापार संघटनेत लशींवरचं पेटंट शिथिल करा अशी मागणी केली. योग्यच होती. श्रीमंत देशांनी घोळ घालून जून २०२२ मध्ये हातावर ठेवलं ते अगदीच पातळ. मधल्या काळात, मार्च २०२१ मध्ये, इथे कोव्हॅक्सची (गरीब देशांना लस पुरवणारी आंतरराष्ट्रीय योजना) पहिली खेप आली, पुण्याच्या सीरमची. नर्सनं कुपी फिरवून दाखवली, "हे तुमच्या गावचं ना?" ऊर भरून आला माझा. मग भारतात लाट आली, निर्यात थांबली. दुसऱ्या डोसची तारीख पुढे गेली तेव्हा तीच नर्स म्हणाली, "तुमच्या गावाहून काही आलं नाही." घराला आग लागल्यावर शेजाऱ्याला कोण पाणी देणार, कळतं मला. तिला मात्र काय सांगावं कळेना.

लातूरचा_गडी
मोठ्या लोकांचं चालू द्या, मी तुरीचं सांगतो. २०१५ ला डाळ दोनशेवर गेली तशी शहरात बोंब झाली. २०१६ ला सरकारनं मोझांबिकशी करार केला, तूर वाढवत वाढवत वर्षाला दोन लाख टनांपर्यंत आणायची. त्याच साली आमच्याकडं पाऊस चांगला, रान भरून तूर. हमीभाव ५०५०, अडतीवर त्याच्या खाली. खरेदी केंद्रावर गेलो तर बारदाना संपला. आठ दिवस ट्रॅक्टर रांगेत, रात्री पोत्यावरच झोपायचं. विकसनशील देशांनी एकमेकांना बाजारपेठ द्यावी म्हणतात. द्या की. पण ती माझ्या वावरातूनच का जाती?

वाटसरू७१
@लातूरचा_गडी : करार नसता तरी व्यापाऱ्यांनी म्यानमारमधून आणलीच असती. ग्राहकालाही...

लातूरचा_गडी
ग्राहकाचं ऐकून कान किटले, दादा.

प्राची_नैरोबी
@लातूरचा_गडी : मोझांबिकमध्ये तूर पिकते ती मुख्यतः भारतासाठीच, तिथे फारशी खात नाहीत. २०१७ मध्ये आपल्याकडे तुरीचा ढीग झाला म्हणून दिल्लीनं आयातीला मर्यादा घातली. मोझांबिकला करारानं सूट होती म्हणे, तरी तिकडचे भाव कोसळले. मलावी आणि टांझानियातही तेच. त्यांनी पेरली होती ती आपल्या भरवशावर.

लातूरचा_गडी
हे ठाऊक नव्हतं. म्हणजे तिकडचा दोन एकरवालाही आमच्यासारखाच पोत्यावर झोपला म्हणायचा. त्याला बोलावलं होतं का हो, तुमच्या त्या भिशीला?